हवेसाठी ठेवलेलं भोक

धरणगावात पाण्याचे पंप आणि डिझेल इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या मुलीने शिडाची बोट घ्यावी, हे माझ्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं. आमच्याकडे पाणी विहिरीच्या तळाशी असतं आणि ते वर ओढावं लागतं. त्याच्यावर बसून कुठे जायचं असतं, ही कल्पनाच आमच्या पंचक्रोशीत नाही. तिने पुण्याची नोकरी सोडून कोकणातल्या एका खाडीत जुनी बोट घेतली, तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. खरं तर दोन्ही दिवस, दोन्ही वेळा जेवलो होतो. बायको साक्षीला आहे.

दोन वर्षं ती बोलवत होती आणि दोन वर्षं मी टाळत होतो. कधी हंगाम आड यायचा, कधी गुडघा. या दिवाळीनंतर पुन्हा फोन आला. बोटीची डागडुजी संपली होती आणि शनिवारपासून ती पहिल्यांदा पाहुण्यांना घेऊन समुद्रात जाणार होती. "नाना, त्याआधी एकदा येऊन बोट बघा. इंजिनावरही नजर टाका. ऐन वेळी तेच बसलं तर माझा अख्खा हंगाम गेला."

मला त्यातलं इंजिन तेवढं ऐकू आलं. पोरीला शेवटी बापाची गरज लागली, या आनंदात मी पान्हे, पक्कड, हातोडी अशी जड थैली भरली आणि धुळ्याहून गाडी धरली.

माझ्या दुकानाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचा गाढवपणा कळणार नाही. पारोळ्यापासून रावेरपर्यंतचे पंप माझ्या हाताखालून गेलेत. एका इंजिनाने पट्ट्यात ओढून माझ्या उजव्या अंगठ्याचं टोक तिरकं कापून नेलं, त्यालाही आता पंचवीस वर्षं झाली. आणि आमच्याकडच्या दहा तक्रारींतल्या सात एकच असतात. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "भाऊ, पंप पानी वढत नई शे." म्हणजे पंपाने हवा धरली. विहिरीतून येणाऱ्या पाइपाला कुठेतरी टाचणीएवढं भोक पडलेलं असतं, त्यातून हवा शिरते आणि पाणी तुटतं. ते भोक कानाने शोधायचं. शू असा बारीक आवाज येतो. तो ऐकू आला की दोन रंगांच्या गोळ्या मळून पुट्टी करायची आणि अंगठ्याने दाबून बसवायची. माझी सगळी कीर्ती त्या शू आवाजावर उभी आहे.

दुसरी एक रीत. दुकानात कुठलंही यंत्र आलं की हात लावण्याआधी मी कमरेवर हात ठेवून विचारतो, "याले पयले कोनी हात लायेल शे?" याला आधी कोणी हात लावलाय? गिऱ्हाईक चाचरत कुणाचं तरी नाव घेतं. मग मी मान हलवतो, च्क च्क करतो आणि त्या गैरहजर माणसाची अब्रू काढतो. यंत्र दुरुस्त होण्याआधीच माझा मान वाढलेला असतो. मुलगी लहानपणी शाळेतून आली की दुकानातल्या स्टुलावर बसून हे सगळं बघायची.

तर बुधवारी दुपारी मी बोटीवर पोचलो. एका निवृत्त गृहस्थांकडून तिने ती घेतली होती. पांढरी, नीटस, आणि माझ्या दुकानाहून बरीच स्वच्छ. आत उतरायच्या शिडीमागे दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. आपल्या ओळखीचं माणूस परगावी भेटावं तसं मला झालं.

तिने इंजिन चालू करून दाखवलं. तळातल्या एका कॉकमधून समुद्राचं पाणी आत येतं, इंजिन थंड करतं आणि धुराबरोबर धुराच्याच नळीतून बाहेर पडतं. मधेच ती पाण्याची नळी उंच चढून पुन्हा खाली वळली होती आणि वळणाच्या टोकावर एक छोटी टोपी होती. तीत बारीक भोक. "नाना, ही वरची नळी आहे ना..." तिने सांगायला सुरुवात केली.

मी हात वर केला. "अगं, मी इंजिनं खोलत होतो तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता."

तिने इंजिन बंद केलं आणि त्या टोपीतून स्पष्ट आवाज आला. शू.

ती तळाचा कॉक बंद करून पिण्याचं पाणी आणायला किनाऱ्यावर गेली. मी एकटा उरलो. मला वाटलं, पोरीचं इंजिन हवा धरतंय आणि हिला पत्ताच नाही. उद्या समुद्रात पाणी तुटलं, इंजिन तापलं, तर काय? थैलीत पुट्टी होतीच. मळली, भोकावर ठेवली, अंगठ्याने घट्ट दाबली. तिला न सांगता केलेली ही मदत पुढे कधीतरी तिच्या लक्षात येईल आणि ती म्हणेल, नाना होते म्हणून. इतका पुढचा विचार मी करून ठेवला होता.

गुरुवारी सकाळी तिने कॉक उघडला आणि आम्ही खाडीतून इंजिनावर बाहेर पडलो. उघड्यावर येताच तिने इंजिन बंद केलं. शू आवाज आला नाही. मी स्वतःच्या पाठीवर थाप मारली. मग शिडं वर गेली, बोट कलली आणि मी दोन्ही हातांनी कठडा धरून इष्टदेवतेला आठवू लागलो. दीड तास ती दोऱ्या सोडत, ओढत, वाऱ्याकडे बघत हसत होती. परत फिरल्यावर तिने इंजिनाचं बटण दाबलं. ठक्. पुन्हा दाबलं. ठक्. इंजिन अर्धा फेराही फिरलं नाही.

तिने तिसऱ्यांदा बटण दाबलं नाही. आधी खाली जाऊन कॉक बंद केला. "सिलिंडरमधे पाणी शिरलंय," ती म्हणाली. चेहरा उतरला होता, पण आवाज हलला नाही. नुसत्या शिडावर, मच्छीमारांच्या होड्या चुकवत, तिने बोट खाडीत आणून नांगर टाकला. समुद्राचं पाणी लोखंडात एक दिवस राहिलं तर इंजिन भंगारात जातं, आणि शनिवार परवावर होता.

तिने शिडी बाजूला केली, वाकून आत बघितलं. क्षणभर त्या वरच्या वळणाशी तिचा हात थांबला. मग म्हणाली, "ते भोक हवा आत घ्यायलाच ठेवलेलं असतं, नाना. इंजिन पाण्याच्या पातळीखाली आहे. ते बंद झालं की वरून हवा शिरते आणि पाण्याची धार तुटते. नाही तुटली तर समुद्र आपोआप आत येत राहतो, धुराच्या नळीतून थेट सिलिंडरमधे."

नळी तोंडात धरून पिंपातून डिझेल ओढण्यात माझं आयुष्य गेलंय. धार एकदा लागली की आपोआप वाहते आणि हवा शिरली की तुटते, हे मला कुणी सांगायला नको होतं. आणि तोंडातून काय निघालं? "आधीच्या मालकाने काहीतरी करून ठेवलं असेल. लोकांना अक्कल नसते." वर च्क च्कसुद्धा केलं.

"हं," ती म्हणाली.

मग मी कामाला लागलो. गिरणेच्या पुरात बुडालेली इंजिनं मी उठवलेली आहेत, तेवढं तरी मला येतं. इंजेक्टर काढले, हाताने इंजिन फिरवलं. खाऱ्या पाण्याची पिचकारी थेट माझ्या तोंडावर बसली, आणि ती माझ्या हक्काचीच होती. धुराच्या नळीतलं पाणी काढलं, सिलिंडर डिझेलने धुतले. ऑइल निघालं ते दुधाच्या चहासारखं. तीनदा बदललं. मुलगी न सांगता हवा तो पान्हा हातात देत होती, स्टुलावर बसून शिकलेली. प्रत्येक पान्ह्यासरशी मी मनात म्हणत होतो, आता सांगतो. सांगत नव्हतो. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका मोठ्याने सांगितल्यावर स्वतःची सांगायला तोंड उघडत नाही.

सूर्य कलताना इंजिन खोकलं, धूर ओकलं आणि चालू झालं. मी खाली बसलो ते उठवेना.

मुलीने हात पुसले, कमरेवर ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. "याले पयले कोनी हात लायेल शे?"

मी पान्हे थैलीत भरू लागलो. तिने फोन उचलला. "आधीच्या मालकांनाच विचारते. एवढी जपून वापरलेली बोट, त्यांनी असं करावं म्हणजे..."

"मी," मी म्हणालो. "मीच. काल. तू पाणी आणायला गेलीस तेव्हा."

तिने फोन ठेवला. कुणाला लावलेलाच नव्हता. खिशातून पुट्टीचा वाळलेला तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्यात माझा तिरका कापलेला अंगठा छापासारखा उमटला होता. वरच्या वळणाशी तिचा हात थांबला तेव्हाच तिने तो उपटून काढला होता. तेव्हापासून तिला माहीत होतं, आणि दिवसभर ती मला पान्हे देत होती.

"रागावली का नाहीस?" मी विचारलं.

"इंजिन वाचवायचं होतं ना आधी. रागावले असते तर तुमचा हात थरथरला असता."

मला लाज वाटली. पण खरं सांगतो, लाजेहून अभिमान जास्त वाटला, आणि तो मी तिला दोन वर्षं उशिरा बोलून दाखवला. पोरी, तू माझ्याहून चांगली कारागीर आहेस, एवढंच म्हणालो. ती इंजिनाकडे तोंड करून बराच वेळ उगाच काहीतरी पुसत राहिली.

शुक्रवारी तिने नवी टोपी बसवली. शनिवारी पाहुणे आले, चौघं. मलाही बसवून घेतलं, अगदी शिडीजवळ. खाडीबाहेर आल्यावर तिने इंजिन बंद करायच्या बटणावर बोट ठेवलं, पण दाबण्याआधी वळून माझ्या हातांकडे बघितलं. मी ते मुकाट्याने मांडीखाली घातले.

मग तिने इंजिन बंद केलं, आणि माझ्या पाठीमागे बारीकसा आवाज आला. शू.