अर्धा कप तेल

गाढवपणा सांगतो माझा. तुम्ही हसा खुशाल. मला अजून जमत नाही.

चार व्हिडिओ बघितले आणि वाटलं, स्कूटरचं तेल बदलणं म्हणजे काय, चहा गाळण्याइतकं सोपं! रविवारी सकाळी मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगखाली जुनी परात घेऊन बसलो. मागच्या चाकाजवळचा नट खोलला. तेल आलं. किती? अर्धा कप!

अहो, अख्खी बाटली मावते त्या गाडीत! बाकीचं गेलं कुठे?

मला लगेच कळलं. दत्तादादाने खाल्लं! दत्तादादा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडावरचा मेकॅनिक, कणकवलीचा. बारा वर्षं माझी गाडी तोच बघायचा.

मी नट बसवला, नवी बाटली इंजिनात रिकामी केली आणि परातीचा फोटो काढला. बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला: 'बघा, आपला मेकॅनिक किती तेल भरतो!'

"अरे, आधी त्याला विचार तरी," बायको, स्मिता, म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? पुरावा आहे ना समोर!"

काय सांगू, संध्याकाळपर्यंत मी हिरो! कुणी म्हणे, 'तरीच माझी गाडी ॲव्हरेज देत नव्हती!' कुणाला आपला तुटलेला आरसाही आठवला. फोटो आजूबाजूच्या पाच बिल्डिंगींत फिरला.

चार दिवसांनी गाडी धूर सोडायला लागली. मग मागून कुंई कुंई. आठव्या दिवशी नाहूरच्या पुलावर मागचं चाक जाम! टेम्पोत घालून गाडी थेट दत्तादादाच्या दारात उतरवली आणि ओरडलो, "बघ, तुझ्या चोरीने काय वाट लागली गाडीची!"

तो गाडीपाशी उकिडवा बसला.

"तेल खंयसून काढलंस?"

मी चाकाजवळचा नट दाखवला.

"ह्यो गिअरचो नट. गिअरात तेल असताच अर्धो कप."

मग त्याने खालचा, इंजिनचा नट खोलला. बाप रे! त्याने भरलेलं सगळं तेल, वर माझी अख्खी बाटली. डबा भरून जमिनीवर ओघळ आला. गिअर मात्र कोरडे फिरून फिरून झिजून गेलेले. ओतण्याआधी तेल मोजायची पट्टी बघायची, हे व्हिडिओत होतं हो! नेमका तेवढाच भाग मी पुढे पळवला होता.

"चुकलो रे, दत्तादादा."

"नट चुकलंस, ता चलता," तो म्हणाला. "पण दहा पावलां चलान माका विचारूक काय झाला होता तुका?"

मान वर केली, तेव्हा कुठे दिसलं. एरवी पाय ठेवायला जागा नसायची त्या गॅरेजात. आज माझ्या गाडीशिवाय एकही गाडी नव्हती.

गिअर त्याने बदलून दिले. चावी हातात ठेवत म्हणाला, "आता दुसरीकडे ने."

त्याच दिवशी मी ग्रुपवर लांबलचक माफी लिहिली. दोन अंगठे आले. त्यातला एक स्मिताचा. पाच बिल्डिंगींत माफी काही फिरली नाही.

दोन महिन्यांनी दत्तादादाने गॅरेज बंद केलं आणि कळव्याला भावाकडे निघून गेला.

गेल्या रविवारी बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरचे काका, हातात तेलाची बाटली.

"जरा माझ्या गाडीचं बघतोस का? तो चोर गेला, आता गाडीतलं कळणारा बिल्डिंगीत तूच."

"काका, चूक माझी होती. मी ग्रुपवर लिहिलं होतं, वाचलं नाहीत?"

"वाचलं ना! केवढं मोठं मन रे तुझं, चोरालाही सांभाळून घेतलंस," काका म्हणाले. "चल, पाना घे."