अब्बा खलनायकाच्या बाजूने

पुतणीने हट्ट करून आम्हाला एका सिनेमाला नेलं, म्हणजे मला आणि माझ्या वडिलांना. अब्बांनी कित्येक वर्षांत थिएटर पाहिलं नव्हतं. नारायण पेठेतलं बाइंडिंगचं दुकान दुपारभर बंद ठेवायला ते तयार झाले, याचंच मला नवल वाटलं.

दुकान खरं तर माझ्या थोरल्या भावाने चालवायचं होतं. मी दुबईला ड्राफ्ट्समन होतो. कात्रजच्या घाटात ट्रकने भावाच्या मोटरसायकलला उडवलं आणि तो गेला, तेव्हा मी रजा काढून आलो. रजा संपली, पण माझ्या परत जाण्याविषयी घरात कोणी बोललं नाही. त्याची मुलगी, हीच पुतणी, शाळकरी होती, अब्बांचे हात थरथरू लागले होते आणि कॉलेजच्या मुलांचे प्रबंध बांधायचे पडले होते. मी कटिंग मशीनपाशी उभा राहिलो, तो राहिलोच.

सिनेमातला नायक एका विश्वातून दुसऱ्यात जातो. प्रत्येक ठिकाणी त्याला तो स्वतःच भेटतो, पण वेगळा. कुठे सैनिक, कुठे चोर. एका विश्वात त्याला कसलीच शक्ती मिळालेली नसते, तो कचेरीत कागदांवर शिक्के मारत बसलेला असतो. नायक म्हणतो, चल माझ्याबरोबर. तो म्हणतो, साहेबांना विचारावं लागेल. अख्खं थिएटर हसलं. मी उठून बाहेर जावं म्हटलं, तर एका बाजूला पुतणी आणि दुसऱ्या बाजूला अब्बा.

अब्बांचं लक्ष खलनायकावर होतं. त्याचा मुलगा गेलेला असतो. ज्या विश्वात तो जिवंत आहे तिथे पोचायला हा माणूस मधल्या भिंती फोडत सुटतो. शेवटी नायक त्याला त्या विश्वाच्या दारातच अडवतो. पलीकडे मुलगा दिसत असतो. अब्बांनी माझं मनगट धरलं आणि ते दार बंद होईपर्यंत सोडलं नाही.

रिक्षात पुतणीने समजावलं, की त्याला अडवलं नसतं तर सगळीच विश्वं कोसळली असती.

"कोसळू द्यायची," अब्बा म्हणाले. आजोबा गंमत करताहेत असं तिला वाटलं.

घरी आम्ही दखनी बोलतो, दुकानात मराठी. दुसऱ्या दिवशी खळ कालवता कालवता अब्बांनी मराठीतच विचारलं, "तिकडे तो जिवंत असेल, तर तू दुबईत असशील?"

"असेन."

त्यांनी खळीचं भांडं बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "दुकान बंद करू. तू जा."

हे ऐकायला मी वर्षानुवर्षं थांबलो होतो, आणि आता कुठे जायचं ते मला सुचेना. माझी जागा कधीच भरली होती. ज्या सॉफ्टवेअरवर हात बसला होता ते मागे पडलं होतं. पुतणीचं कॉलेज याच दुकानावर चाललं होतं. मी म्हणालो, "पोरीचं शिक्षण होऊ दे." अब्बांनी मान हलवली. त्यांना हायसं वाटल्याचं मला स्पष्ट दिसलं, आणि त्यांचा राग आला.

पुतणी शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन विश्रांतवाडीला राहायला गेली. अब्बा गेले. मध्यंतरी ती दुकानात आली होती. म्हणाली, "चाचा, आता बंद करा की हे. कोणासाठी थांबलाय?"

मी तिला सांगितलं, दोन प्रबंध द्यायचे राहिलेत, ते झाले की बघू. ती गेल्यावर मी पुठ्ठे कापायला घेतले.