कोणीच येत नाही ती लेव्हल

मी दातांची डॉक्टर. कलकत्त्यात सॉल्ट लेकमधल्या माझ्या दवाखान्यात आतल्या खोलीत एक छोटा टीव्ही आहे आणि त्याला व्हिडिओ गेमचा कन्सोल जोडलेला आहे. दुपारी पेशंट नसले की दार लोटून घेते आणि खेळते. लहानपणी बाबांनी टीव्हीला जोडायचा एक खेळ आणला होता, तेव्हापासूनची ही सवय. लग्न झालं, मुलगी झाली, केस पिकले, सवय काही गेली नाही. पन्नाशी उलटलेली बाई गेम खेळते म्हटल्यावर लोकांना हसू येतं. येऊ दे. माझा हात दाढेच्या मुळापर्यंत न थरथरता जातो, तो या खेळांमुळेच, असं मी छातीठोकपणे सांगते.

खेळलं की माझं मत तयार होतं, आणि मत तयार झालं की ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. घरात ऐकणारं कोणी नाही. नवरा फक्त क्रिकेट बघतो. मुलगी कॉलेजात आहे. मी सुरू झाले की ती "आई, पुरे" म्हणून कानात इअरफोन घालते. उरले पेशंट. तोंड उघडं ठेवून पडलेल्या माणसाला मध्येच बोलता येत नाही, ही माझ्या धंद्यातली मोठी सोय.

त्या दिवशी खुर्चीत तिशीतला एक बंगाली मुलगा होता. अक्कलदाढ काढायची होती. भूल चढेपर्यंत त्याची नजर टेबलावर राहून गेलेल्या गेमच्या कंट्रोलरवर गेली आणि भुवया वर गेल्या. मला तेवढंच पुरलं.

"गाड्यांच्या शर्यतीचे खेळ मला मुळीच आवडत नाहीत," मी बंगालीत सुरू केलं. घराबाहेर माझी भाषा तीच. "जी बाई रोज उल्टाडांग्याच्या तुंबलेल्या चौकातून गाडी काढते, तिला त्यात कसला थरार? शेतीचा तो खेळ आहे ना, तो आधी गोड वाटतो, मग नोकरी होते. भोपळा वाळला म्हणून मोबाईल ओरडतो. मी माझ्या खऱ्या तुळशीला पाणी घालायला विसरते, भोपळ्याचं काय घेऊन बसलास! वरून ठोकळे पडतात तो खेळ मात्र दातांच्या डॉक्टरसाठीच केलाय. फट राहिली की संपलं."

तो "आँ, आँ" करू लागला. दुखतंय का विचारलं, तर त्याने नाही अशी मान हलवली. मग मी मुख्य मुद्द्यावर आले.

"या सगळ्या खेळांत एक खोट आहे. बनवणाऱ्याला सारखी भीती असते की मला कंटाळा येईल. म्हणून जरा उभी राहिले की झुडपातून कोणीतरी अंगावर येतंच. अरे, मला दोन मिनिटं उभं राहू द्या! एवढं सुंदर आकाश काढलंय, ते बघू द्या."

दाढ निघाली. त्याने चूळ भरली, बधिर ओठ हाताने सावरला आणि बोबड्या आवाजात म्हणाला, "दिदी, मी गेमच बनवतो. हे आमच्या ऑफिसात येऊन बोलाल?"

मला वाटलं, भुलीचा परिणाम असेल. पण आठवड्याने टाके काढायला आला तेव्हाही त्याचं तेच म्हणणं होतं. मग एका शनिवारी मी ऑटोने आयटी कंपन्यांच्या सेक्टर फाइव्हला गेले. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या माणसांचं ऑफिस होतं. त्यांची प्रमुख माझ्यापेक्षा बरीच लहान, कॉटनची साडी आणि पायात स्पोर्ट्स शूज. तिने मला खुर्ची दिली आणि जरा अडखळली.

"याने सांगितलं नव्हतं की तुम्ही मराठी आहात. आमचा खेळ बर्गींवर आहे. तुम्हाला वाईट तर वाटणार नाही?"

बर्गी म्हणजे अठराव्या शतकात बंगालवर चालून आलेले मराठे घोडेस्वार. इथल्या आया अजून बाळांना झोपवताना त्यांचं नाव घेतात. त्यांच्या धाकाने कलकत्त्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, तो बागबाजारपासून. मी इथेच जन्मले. शाळेत भांडण झालं की मैत्रिणी मला "बर्गी" म्हणायच्या, आणि मीही त्यांच्या डब्यातली संदेश मिठाई पळवून ते नाव सार्थ करायची.

"वाईट वाटण्याचं वय गेलं," मी म्हटलं. "खेळ दाखव."

खेळ देखणा होता. नदी, होड्या, मातीची घरं. एका लेव्हलमध्ये खेळाडू बर्गींच्या छावणीजवळून लपत जातो. पुढच्या लेव्हलमध्ये तो खंदक खणतो, आणि फावडं दोनदा मारलं की घोडेस्वारांच्या झुंडी येतात. त्यांना मारलं की ते फुग्यासारखे फुटायचे. छावणीतले स्वार सिनेमातल्या दरोडेखोरांचं हिंदी बोलत होते.

मी शेवटपर्यंत खेळले. मग सगळे माझ्याभोवती खुर्च्या ओढून बसले.

"त्यांनी गावं लुटली, ते दाखवा," मी म्हणाले. "त्यात मला काही लपवायचं नाही. पण महिनोन् महिने घोडा हाकत इतक्या लांब आलेला पोरगा संध्याकाळी काही तरी बोलेल ना? आणि मराठीत बोलेल. दुसरं, तो खंदक कधी पुरा झालाच नाही, आणि बर्गी शहरापर्यंत आलेच नाहीत. मग त्या लेव्हलमध्ये ते येतात कशाला? मला खणू द्या. वाट बघू द्या. कोणी येऊ देऊ नका."

"ज्या लेव्हलमध्ये काहीच घडत नाही, ती खेळणार कोण?" प्रमुख म्हणाली.

"काही घडत नाही कसं? मी घाबरलेली असेन ना!"

बराच वाद झाला. उडी मारायचं बटण बदला, असंही मी म्हटलं होतं. ते त्यांनी साफ नाकारलं, आणि नंतर कळलं की त्यांचंच बरोबर होतं. खेळाच्या संगीतातल्या ढोलाचा आवाज कमी करा, हेही कोणी ऐकलं नाही. पण काही आठवड्यांनी त्या मुलाचा फोन आला. त्यांनी घोडेस्वार काढून ती लेव्हल करून पाहिली होती. नुसती माती, वारा, पलीकडे धुळीचा लोट दिसल्यासारखा वाटतो आणि विरतो. आणि ऑफिसातला जो कोणी ती खेळायला बसत होता, तो जागचा उठत नव्हता.

"आता मराठी वाक्यं द्या," तो म्हणाला. "आणि आवाजही. मिसरूड न फुटलेल्या पोराचा."

वाक्यं मी लिहिली. एक तरुण स्वार घोड्याशी बोलतो: "दमलास का रे? डोळे मिट थोडा वेळ. सकाळी पुन्हा चालायचंय." आवाजासाठी मी मुलीला विचारलं आणि ती तडक नाही म्हणाली.

कारण मला माहीत होतं. ती इथेच वाढली. तिच्या मराठीत खुर्ची कधी तो होते, कधी ती. आणि ळ तिला येत नाही, ल होतो. एकदा पुण्याला तिच्या चुलत भावंडांनी तिला "केळं, बाळ, सकाळ" म्हणायला लावून फेर धरून हसून घेतलं होतं. तेव्हापासून ती पुण्याच्या फोनवर इंग्रजीतच बोलते.

"आई, त्यात तीन ळ आहेत," ती म्हणाली. "मुद्दाम केलंस?"

"नाही गं. घोड्याला डोळे असतात, त्याला मी काय करू?"

तिला हसू आलं. मी तिला दवाखान्यात नेलं, खुर्चीत बसवलं, हातात आरसा दिला. जीभ मागे वळव, टाळूच्या या उंचवट्याच्या मागे टेकव आणि सोड. दातांच्या डॉक्टरला टाळूचा नकाशा पाठ असतो; एवढ्या वर्षांत हे मला कसं सुचलं नाही कोण जाणे. पहिल्या दिवशी "डोले", दुसऱ्या दिवशी "डोडे". मग एकदा रविवारी सकाळी दात घासताना न्हाणीघरातून तिची आरोळी आली, "डोळे!" तोंडात फेस असतानाही तो ळ स्वच्छ होता. नवरा पेपर टाकून धावला, त्याला वाटलं डोळ्यांत साबण गेला.

रेकॉर्डिंगला मी काचेबाहेर उभी होते. तिने आवाज थोडा जाड केला, हात एका नसलेल्या घोड्याच्या मानेवर ठेवल्यासारखा पुढे धरला आणि ते वाक्य म्हटलं. मला ती माझी मुलगी वाटली नाही. घरापासून फार लांब आलेलं एक पोर वाटलं. प्रमुख बाईने कानावरचे हेडफोन काढले आणि बंगालीत विचारलं, "काय म्हणाली ती?" मी सांगितलं. तिने माझा दंड दाबला.

खेळ बाहेर आला तेव्हा न्यू टाउनमधल्या एका प्रदर्शनात त्यांनी टेबल मांडलं. मी आणि मुलगी मुद्दाम दूर उभ्या राहिलो. धोतर नेसलेले एक वयस्कर बंगाली गृहस्थ नातीबरोबर आले होते. नात कंटाळली, ते मात्र कंट्रोलर सोडेनात. खणत होते, थांबत होते, पुन्हा खणत होते. शेवटी मागे वळून त्यांनी आम्हालाच विचारलं, "आले नाहीत?"

"नाही," मुलगी म्हणाली. "आलेच नाहीत."

"आणि आधी तो पोरगा घोड्याशी बोलला, ती कुठली भाषा?"

"मराठी," ती म्हणाली. मग मान जरा ताठ करून, "आमची आहे. तो आवाज माझा."

त्यांनी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग त्याच्या पुढचं, मग आणखी एकदा. तिने प्रत्येक वेळी म्हटलं, भर गर्दीत, न लाजता.

खेळ संपला की श्रेयनामावली येते. माझ्या नावापुढे काय लिहायचं, हे त्यांनी आधी विचारलं होतं. दंतवैद्य? सल्लागार? मी म्हटलं, खेळाडू लिहा. ती पाटी वर सरकताना त्या गृहस्थांच्या खांद्यावरून मी ती पूर्ण वाचली. आणि मग नंबर लावायला रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.