दिशाचे चार वाटे

मुरबे गावच्या दिशा तांडेलइतके सारखे वाटे अख्ख्या किनाऱ्यावर कुणी घालत नाही, हे तिच्याशी न पटणारी माणसंही कबूल करतात. मासळीच्या लिलावात चार बायका मिळून एक मोठी टोपली घेतात आणि तिथेच किनाऱ्यावर तिचे चार वाटे पडतात. नियम एकच. जी वाटे घालणार, तिने आपला वाटा सगळ्यांच्या शेवटी उचलायचा. त्यामुळे हात मारायला कुणाला वावच राहत नाही. दिशाच्या आईला, रंभाबाईला, या कामाचा कंटाळा, म्हणून दहा वर्षांची असल्यापासून दिशाच आईच्या वतीने वाटे घालते. या वाट्यातली चिमूटभर करंदी त्या वाट्यात, त्यातलं एक मांदेलं तिसऱ्यात, मग लांब उभं राहून डोळे बारीक करून बघायचं आणि पुन्हा वाकायचं. बायका ऊन चढलं म्हणून करवादतात, पण हिचा हात थांबत नाही. एकदा ठरवलेली रिक्षा वाट बघून निघून गेली आणि चौघींची मासळी बोईसरच्या बाजारात पोचायला दहा वाजले. बायकांनी दिशाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण वाट्यांबद्दल चकार शब्द काढला नाही.

एवढा गुण अंगात असल्यावर माणसाचं भलं व्हायला हवं. दिशाचं उलटंच झालं. तिला स्वतःसाठी काही निवडता येईना. पालघरच्या कॉलेजात कँटीनच्या खिडकीपाशी ती वडा घ्यावा की समोसा याचा विचार करत उभी राही, आणि विचार पुरा होईपर्यंत दोन्ही संपत. मग बाईसाहेब बिस्किटाचा पुडा घेऊन समाधान मानत.

तर अशा या दिशासमोर कॉलेजने बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा फॉर्म ठेवला. विषय अर्थशास्त्र, पण आता त्यातला एक गट धरायचा होता. बँकिंग, उद्योग, संख्याशास्त्र आणि सहकार, असे चार गट. प्रत्येकाचा अभ्यासक्रम वेगळ्या कागदावर छापून दिला होता. शनिवारी दुपारपर्यंत एका चौकोनात खूण करायची, आणि एकदा खूण केली की बदल नाही.

उमरोळीहून येणाऱ्या हेतलने, म्हणजे दिशाच्या मैत्रिणीने, बँकिंगवर खूण करून फॉर्म दिलासुद्धा. तिला तीन मिनिटं लागली, त्यातली दोन पेन शोधण्यात गेली. दिशा अर्थशास्त्राच्या इंद्रजीत सरांना विचारायला गेली. सर म्हणाले, "तुला आवडेल तो घे." इतका निरुपयोगी सल्ला तिला आजवर कुणी दिला नव्हता. दिशाचा भाऊ अनुज तारापूरच्या एका कारखान्यात पाळीवर जात असे. त्याच्या मते उद्योग सोडून बाकी सगळा टाइमपास होता. वडील, अंकुश, दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. ते म्हणाले, "तुझ्या आईला विचार." आणि जाळं घेऊन बसले.

आईला विचारायची गरजच नव्हती. रंभाबाईला मुलगी बँकेत हवी होती, आणि हे बोईसरच्या बाजारातल्या निम्म्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. कारणही तसंच होतं. चार-पाच वर्षांपूर्वी बाजार आटोपून ती एका बँकेत गेली होती. काचेपलीकडच्या माणसाने नाकाला रुमाल लावला आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "मावशी, जरा लांब उभ्या राहा." रंभाबाई लांब उभी राहिली. घरी येऊन तिने हे एकट्या दिशाला सांगितलं, आणि त्या दिवसापासून आपली दिशा त्या काचेच्या पलीकडे बसणार, असं तिने ठरवून टाकलं. दिशाला हे माहीत होतं. म्हणूनच तर सगळा घोळ होता.

दिशाने मग तिला येत होतं तेच केलं. वहीच्या एका पानावर चार गटांचे चार वाटे घातले. बँकिंगमध्ये नोकरीची आशा जास्त, तर त्याच्याविरुद्ध पाठांतराचं ओझं टाकलं. संख्याशास्त्र अवघड, तर त्याला मान जास्त दिला. उद्योगात अनुजची मदत, सहकारात विद्यार्थी कमी म्हणून सरांचं लक्ष अधिक. चिमूटभर इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. तीन दिवस हे चाललं. शुक्रवारी संध्याकाळी चारही वाटे इतके सारखे झाले की त्यातला कुठलाही उचलला तरी बिघडलं नसतं. पोरीने स्वतःच्या हुशारीने स्वतःलाच कोंडून घातलं होतं. ती ओट्यावर चारही कागद पसरून रडकुंडीला आली.

रंभाबाई शेजारीच बोंबील साफ करत होती. "काय झालं?"

"चारी सारखेच हायेत, आई. कुठला उचलू?"

"सारखे केलेसच कशाला? वाटे लोकांसाठी करतात. बाजारात टोपली मांडायच्या आधी मी काय करते?"

"घरच्या कालवणाचं बाजूला काढतेस."

"मग? वाटे घालून उरलं तर घरी, असं कवा केलंय? तुझं तू आधी काढलं असशीलच. बघू ते कागद."

रंभाबाईकडे चष्मा नव्हता, आणि असता तरी चौथीपर्यंतच्या शाळेला ती बारीक अक्षरं झेपली नसती. तिने हात पुसले आणि कागद नुसते पाहिले. तीन कोरे करकरीत होते. चौथ्याचे कोपरे दुमडलेले, मध्ये आमटीचा पिवळा डाग, आणि एका कडेला वाळलेलं खवलं चिकटलेलं. कुणीतरी तो जेवताना वाचला होता, आणि एकदाच नव्हे.

"हा बघ," रंभाबाईचा चेहरा उजळला. "काढूनच ठेवलायस की. बँकेचाच ना?"

दिशाला हो म्हणता आलं असतं. आईला ती अक्षरं वाचता येत नव्हती. पण वाट्यात लबाडी करायची सवयच तिच्या हाताला नव्हती.

"सोसायटीचा हाय, आई. सहकार." मग ती भडाभडा बोलत सुटली. मासळीतला किती वाटा बोटीचा, किती जाळ्याचा, किती खलाशांचा, हे कोण ठरवतं, कसं ठरवतं, दुसरीकडे कसं असतं, ते सगळं त्यात होतं. बारा वर्षांची असताना तिने वडिलांना विचारलं होतं, "बोट जेवते काय? तिला वाटा कशाला?" तेव्हा घर हसलं होतं. दिशाला मात्र उत्तर अजून हवं होतं.

रंभाबाईने चार बोंबील साफ केले. पाचवा हातातच राहिला.

"तिथं काच असते काय?"

"नाय."

"बरं," ती म्हणाली. आणि पाचवा बोंबील साफ करायला घेत, "भर तो फॉर्म. हात नीट धू आधी, कागदाला वास येईल."

दिशा उठली. तिने साबणाने दोनदा हात धुतले आणि खूण केली. आयुष्यात पहिल्यांदा तिला एका मिनिटाच्या आत काही निवडायला जमलं होतं. आनंद झाला, आणि आईकडे बघवेनाही.

रविवारी दोघी बोईसरच्या बाजारात बसल्या. पुंजाराम आला. खानदेशातून कारखान्यात लागलेला हा माणूस दर रविवारी रंभाबाईकडूनच मासळी घेई आणि दर रविवारी तेच विचारी.

"काय मावशी, पोरगी बँकेत कधी बसते?"

दिशाने मान खाली घातली.

"बँकेत नाय जात ती," रंभाबाई म्हणाली. "वाटे घालायला शिकते."

पुंजाराम हसला. "ते तर तुम्ही रोज घालता. त्याला कॉलेज कशाला लागतं?"

रंभाबाईने त्याचा वाटा पिशवीत टाकला.

"माझे सारखे नाय पडत," ती म्हणाली.

दिशाने वर पाहिलं नाही. समोरच्या वाट्यातलं एक मांदेलं तिने उचललं आणि शेजारच्या वाट्यात ठेवलं.