डावा हात

धुकं एवढं दाट, की मेंगहाईच्या चहाच्या डोंगरांतल्या एका गोदामाच्या पत्र्यावरून पाऊस होऊन गेल्यासारखं पाणी ठिबकत होतं. आत, ओल्या गोणपाटांखाली, छातीएवढी उंच चहाची रास वाफाळत होती. सगळ्या गावानं आपल्या जुन्या झाडांची पानं या एकाच राशीत घातली होती. नीट आंबली तर पु-अर चहा, आत करपली तर गावाचं वर्ष कोळसा.

यू खामनं गोणपाट सारलं आणि रोजच्यासारखा उजवा हात कोपरापर्यंत आत खुपसला. तीस वर्षं तिनं रास कधी उलटायची ते याच हातानं ठरवलं होतं. पाच श्वास हात आत टिकला तर रास ठीक. त्याआधी चटका बसला तर तिथल्या तिथं उलटायची.

पाच झाले. हात आतच होता.

"काय म्हणती रास?" फावड्यावर रेलून आय लेंगनं विचारलं. चाळिशीचा गडी, पण जीभ पोराची.

"परवा उलटू."

"परवा? मावशे, वास बग की. आंबटात जळकं यायलंय."

"तुज्या नाकात कालची मिरची बसलीया."

"मिरचीचं सोड. काल दोनदा जेवायच्या काड्या पडल्या तुज्या हातातनं. म्हटलं, म्हातारी एकटीच प्याली, आमाला इचारलं बी न्हाई!"

तो हसला. यू खाम हसली नाही. उजव्या हाताला दोन महिने मुंग्या येत होत्या, आणि हे तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. तिनं हात बाहेर काढला. कोपरापर्यंत लालबुंद, आणि दुखत काहीच नव्हतं.

बाही वर सारून तिनं डावा हात आत घातला. दुसऱ्या श्वासालाच तो आपोआप बाहेर आला.

"उलटा! आत्ताच्या आत्ता उलटा! बोलाव समद्यास्नी!"

सहा जण राशीवर तुटून पडले. वाफेनं माणसाला माणूस दिसेना. मधोमधची पानं ढेकळं होऊन बाहेर आली, काळी ठिक्कर. यू खामनं त्यातली चिमूटभर झाकणाच्या पेल्यात टाकली, उकळतं पाणी ओतलं, ते फेकलं, पुन्हा ओतलं. करपलेलं पान पाण्यात कितीही ठेवा, मूठ सोडत नाही.

"उगडतंय का?" आय लेंग कानाशी पुटपुटला.

"गप."

एका पानाची कड सुटली. मग आणखी एकाची. दोन-तीन मात्र तशीच आवळलेली राहिली. तिनं घोट घेतला. कच्चट, आंबूस, पण घशाखाली उतरताना कुठंतरी ओल्या लाकडाची गोडी होती.

"दोन टोपल्या गेल्या," ती म्हणाली. "बाकी वाचली."

कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडला. तिनं पेला खाली ठेवला.

"आय लेंग, उद्यापासनं राशीत हात तुजा."

"माजा? मला तर गरम भात बी पोळतो, मावशे!"

"मग बरं हाय. माजा मेलाय. दोन म्हैनं झालं, लपवलं मी तुमच्यापासनं."

फावडी थांबली. आय लेंगनं तिच्यापुढचा पेला उचलून उरलेला चहा पिऊन टाकला.

"अजून कच्चा हाय," तो म्हणाला.

"म्हैना लागंल."

यू खामनं एक ढेकूळ पुढ्यात ओढलं आणि डाव्या हातानं ते फोडू लागली.