घुमटाखालचा आवाज

मंचरकर मंडळी, सायबर कॅफेत बसून लिहितेय.

आज मुंबईत फोर्टमधल्या एका जुन्या बँकेत गेले होते. बाहेर जाडजूड दगडी खांब, आत भलामोठा घुमट. जेवणाच्या सुट्टीमुळे हॉल शांत होता. मी कोपऱ्यातल्या खांबाला टेकले, तर कानाशी कुणीतरी कुजबुजलं, "जेवलीस का गं?"

जवळ कुणीच नव्हतं. माझ्या तोंडून निघालं, "कोण?"

मग दिसलं. पार समोरच्या कोपऱ्यात एक म्हातारे बाबा भिंतीकडे तोंड करून बोलत होते. घुमटाच्या गोलाईवरून त्यांचा आवाज माझ्यापर्यंत आला होता.

मी त्यांच्याकडे गेले. बाबा मूळचे आपल्या मंचरकडच्या मढ गावचे निघाले. पेन्शनला आले की नवरा-बायको दोन कोपऱ्यांत उभे राहून असं बोलायचे. बायको वारली, तरी ते बोलतात.

"बाबा, मघाशी मी बोलले व्हते."

"'कोण' म्हणालात, ते ऐकलं की," बाबा हसले. "पन त्याच्यानंतर 'जेवले, आता तुमी जेवा' म्हणाली, ती तुमी नाय."

मी 'कोण' सोडून काहीच बोलले नव्हते. आणि मला दुसरा आवाज आलाच नव्हता. हे बाबांना सांगायचं धाडस झालं नाही.

तुम्ही सांगितलं असतं?