नवसाची सायकल

माझी सायकल आजवर जितकी रस्त्यावरून गेली, जवळपास तितकीच ती पिकअपच्या हौद्यातून गेली असेल. ती बिघडत नाही. आमच्याकडचे लोक चांगले आहेत, एवढंच कारण.

तिला ग्रॅव्हल सायकल म्हणतात. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, टायर जाड आणि खरबरीत, त्यामुळे मुरूम, खडी, फुफाटा, सगळ्यावरून जाते. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत इंजिनिअर आहे, शहराच्या टोकाला पडेगावला राहतो, आणि रविवारी डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटांनी सायकल चालवणं हा माझा छंद आहे. हे वाक्य मी आजवर कितीतरी लोकांना सांगितलं. विश्वास एकानंही ठेवलेला नाही.

आमचं गाव देवगाव रंगारीच्या अलीकडे, शिवना नदीच्या काठी. पडेगावहून आडवाटांनी लासूर स्टेशन गाठायचं आणि तिथून नदीच्या कडेकडेनं वर जायचं. सपाट काळं रान, दोन्ही अंगांना गहू आणि कांदा, मधून पांदण, म्हणजे दोन शेतांमधली जुनी गाडीवाट. तासभर गेलं तरी हॉर्न ऐकू येत नाही. या वाटेनं एकदा तरी कुणाच्या गाडीत न बसता घरी पोचायचं, एवढीच माझी इच्छा होती. चार वेळा निघालो आणि चारही वेळा मला वाचवण्यात आलं.

यात चूक लोकांची नाही. आमच्या भागात सायकल शाळेतल्या पोरी चालवतात, नाहीतर ज्याचं काही बरं चाललेलं नाही असा माणूस. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वीस वर्षं सायकलीला दुधाच्या कॅना अडकवून याच वाटेनं लासूरला जायचे. मला शाळेत सोडायचे तेही दोन कॅनांच्या मधे बसवून. वारा समोरून असला की म्हणायचे, "शीक बाबा. शिकलास तर हे पायडल सुटंल." मी शिकलो. घरातला पहिला पदवीधर झालो, आणि त्या पदवीत निम्मे पाय त्यांचे आहेत हे मी विसरलेलो नाही. पण पहिली चांगली पगारवाढ झाली आणि मी पायडलच विकत आणलं. किंमत घरी सांगितली नाही. सांगितली असती तर नोकरी आहे हे पटलं असतं, पण डोकं ठिकाणावर आहे हे पटलं नसतं.

त्या रविवारी अकरा वाजता माझ्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा लासूरच्या शाळेत मास्तर. तो तिला आवडला होता, आणि हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. बोलणी आधी एकदा निघून थांबली होती, कारण मुलाच्या चुलत्याला घराची खात्री वाटत नव्हती. त्यांच्यात शेवटचा शब्द चुलत्याचा. आता ते स्वतः घर बघायला येणार होते.

आदल्या दिवशी बहिणीचा फोन आला. "दादा, मोटारसायकलवर ये."

"दहाच्या आत पोचतो."

"मी वेळ नाय विचारली. गाडी सांगितली."

"पॅन्ट-शर्ट बॅगेत घेतो ना."

"तुझ्या त्या उशीवाल्या चड्डीत तू पाहुण्यांना दिसलास ना, तर बघ."

सायकलच्या चड्डीला बुडाशी जाड गादी असते. ती असल्याशिवाय एवढं अंतर बसवत नाही. हे मी घरी समजावून सांगितलं होतं आणि सांगून पस्तावलो होतो.

उजाडता उजाडता निघालो. लासूर थोडं राहिलं असताना मागून कांद्याचा पिकअप आला.

"क्या हुआ भाई? पंक्चर?"

"नहीं. शौक है."

"शौक? सुबू सुबू?" ड्रायव्हर खाली उतरला, सायकल उचलून कांद्याच्या गोण्यांवर ठेवली आणि पाठीवरची बॅग काढून घेतली. "बैठो ना. शरमाते कायकू?"

लासूरला मी सायकल उतरवून घेतली, त्याचे आभार मानले, आणि तो मार्केटकडे वळला. बॅगही वळली. तिच्यात इस्त्रीची पॅन्ट, शर्ट आणि कंपनीचं ओळखपत्र होतं.

समोरच्या टपरीवर पांढऱ्या टोपीतले एक वयस्कर गृहस्थ हे सगळं बघत होते. त्यांनी मला चहा पाजला आणि गाव विचारलं. मी गाव सांगितलं, अण्णांचं नाव सांगितलं.

"तुम्ही कंपनीत होता ना?"

"आहे, काका."

"बंद पडली?"

"नाही हो. हा छंद आहे माझा."

"व्हय, व्हय." त्यांनी माझ्या चड्डीकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. "असू द्या. हेबी दिवस जात असतेत."

पुढं नदीवरच्या बंधाऱ्यावरून सायकल खांद्यावर घेऊन चाललो होतो. खाली दोघी धुणं धूत होत्या. पहिली म्हणाली, "माणूस सायकलीवर बसलेला पाह्यला होता बाई. इथं सायकलच माणसावर बसलीय."

"हसू नको गं," दुसरी म्हणाली. "लासूरहून फोन आलाय. नोकरी गेली त्याची."

घरी पोचलो तर ओसरीबाहेर पंधरा-वीस चपला. आत माणसं खाली मान घालून बसलेली. आई पदरानं डोळे पुसत होती. शेजारच्या काकांनी मला जवळ बसवलं. "माझ्या मेव्हण्याच्या कापसाच्या जिनिंगवर वजनकाट्यावर माणूस पाहिजे. सावलीतलं काम आहे."

"काका, माझी नोकरी आहे."

"असंच म्हणत राहा. हिंमत सोडू नको."

स्वयंपाकघराचं दार किलकिलं झालं. बहिणीचा एक डोळा दिसला. "बॅग?"

"कांद्यासोबत गेली."

दार लागलं. कडीचा आवाज आला.

अण्णा मला गोठ्याकडं घेऊन गेले. "खरं सांग."

"खरंच सांगतो अण्णा, नोकरी आहे."

"मग हे पायडल कशाला?"

"आवडतं."

अण्णांनी सायकलीकडं बराच वेळ पाहिलं. "मला वीस वर्षांत एक दिवस नाय आवडलं," ते म्हणाले. तेवढ्यात दारात जीप थांबली. पाहुणे अर्धा तास लवकर आले होते. मुलगा उतरला, त्याची आई, काकू, आणि शेवटी चुलते. पांढऱ्या टोपीतले.

त्यांनी मला पाहिलं, चड्डी पाहिली, गोठ्याला टेकवलेली सायकल पाहिली. "आम्हाला तर भाऊ इंजिनिअर आहे असं सांगितलं होतं," ते सावकाश म्हणाले.

आत कपबशांचा आवाज थांबला. बहिणीचं जमता जमता माझ्या चड्डीवरून मोडणार, हे मला स्वच्छ दिसलं. मी म्हणालो, "काका, हिला ग्रॅव्हल सायकल म्हणतात. हिचे टायर..."

अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी त्यांना जन्मात खोटं बोलताना ऐकलं नव्हतं.

"नवस आहे त्याचा," ते म्हणाले.

सगळ्यांनी वळून सायकलीकडं पाहिलं.

"गावच्या मारुतीला बोललाय. बहिणीचं चांगल्या घरी जमलं तर पडेगावहून सायकलवर येईन म्हणून."

"पण अजून जमलं कुठं?" चुलते म्हणाले.

"घर चांगलं आहे अशी त्याची खात्री. म्हणून आधीच निघाला."

चुलत्यांनी टोपी सारखी केली. "मग पायी काऊन नाय?"

"पायी यायला दोन दिवस लागतेत. कंपनी सुट्टी देते व्हय? नोकरीवाल्या माणसाला नवसबी रविवारचा बोलावा लागतो."

हे चुलत्यांना पटलेलं दिसलं. ओसरीवरच्या लोकांनाही पटलं. शेजारच्या काकांनी तर जिनिंगवरची जागा परत घेतल्यासारखा चेहरा केला. पण चुलते हिशेबी माणूस. "सकाळी लासूरला हे पिकअपमधून उतरले. मी सोता पाह्यलं."

"तेवढा खंड पडला," अण्णा म्हणाले. "म्हणून तर आता लग्न होईस्तोवर दर रविवारी यावं लागंल त्याला."

हे मलाही तेव्हाच कळलं.

"आन् हे कपडे?"

इथं अण्णा अडकले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्याकडं खरं उत्तर होतं, पण ते कामाचं नव्हतं.

"नवसाचेच आहेत!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

बघायला आलेल्या मुलीनं आतून ओरडायचं नसतं. मुलानं रुमाल तोंडाला लावला, त्याचे खांदे हलत होते. चुलत्यांनी मात्र टोपी काढून सायकलीला हात जोडले. काकूंनी आईकडून करंडा मागून घेतला आणि हँडलला हळदीकुंकू लावलं. पोहे निवायच्या आत बोलणी झाली.

पाहुणे गेल्यावर मी म्हणालो, "अण्णा, आपण खोटं बोललो."

"मारुतीचं नाव घेऊन बोललोय. आता खरं करून टाक."

पुढच्या रविवारी तोच पिकअपवाला भेटला. बॅग त्यानं टपरीवर जपून ठेवायला दिली होती. पॅन्टला कांद्याचा वास होता. "मन्नत है क्या?" तो म्हणाला. "पहले बोलना था ना भाई!" आणि तो निघून गेला. त्या दिवसापासून मला कुणी उचललं नाही. नवसाच्या माणसाला गाडीत घ्यायचं नसतं, हे त्या वाटेवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी पडेगावहून घरापर्यंत अख्खी वाट सायकलवर आलो. कांद्याच्या रानात बगळे चालत होते, बाकी कुणी नाही. माझी इच्छा पुरी झाली, आणि तीही मी न बोललेल्या नवसानं.

मग नारळ सुरू झाले. "जातोच आहेस तर आमचाबी मारुतीला फोड." लासूरपासून गावापर्यंत कधी चार, कधी सात. पाठीवरच्या बॅगेत नारळ घेऊन खडीवरून सायकल चालवली की प्रत्येक दणक्याला ते पाठीत बसतात. अण्णांनी एकदा माझी पाठ पाहिली.

"एवढी चांगली सायकल. हिला क्यारेज काऊन नाय?"

माळ्यावरून त्यांनी दुधाच्या सायकलीचं गंजलेलं क्यारेज काढलं आणि तारेनं माझ्या सायकलीला घट्ट बांधलं. ते अजून तसंच आहे. शहरातले सायकलवाले मित्र ते बघून बोलायचं थांबतात.

लग्न झालं. नवस फिटला. मांडवात सायकलीलाही हार घातला. त्याच्या पुढच्या रविवारी मी नेहमीसारखा निघालो आणि लासूरच्या अलीकडे पिकअप आडवा आला.

"शादी हो गई ना? अब कायकू?"

"शौक है," मी म्हणालो.

त्यानं सायकल उचलली. मी केबिनमधून अण्णांना फोन लावला. "अण्णा, उचललं."

"मी देवळातच आहे. काय मागू आता?"

"काहीही मागा."

"पावसाचं मागतो," अण्णा म्हणाले. "हा नवस लवकर फिटायचा नाय. पिकअपवाल्याला सांग, नवस आहे, उतरव मला."